पुनीची घागर

१४ एप्रिल १९९७, सोमवार. जळगाव

पोचले एकदाची. पाचोऱ्याहून पॅसेंजरला पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई टोपली आडवी टाकून बसली होती. तिच्या टोपलीवर मी पिशवी ठेवली आणि पिशवीवर मी बसले. तिनं तोंड उघडायच्या आत माझं चालू झालेलं होतं, त्यामुळं ती जळगावपर्यंत गप्प.

अभिमन स्टेशनावर स्कूटर घेऊन आला होता. मला बघून हसला. लेकाचे दात मी गेल्या गणपतीपासून बघितले नव्हते, म्हणून मीही हसले. स्कूटरवर मागं बसून या वयात शहर बघितलं. डोक्यावरचा पदर दोनदा उडाला, लोकांनी काय बघायचं ते बघून घेतलं.

घर नवंकोरं. कॉलनीतलं. भिंतीला अजून रंगाचा वास येतो. संडास घरात, तोही स्वयंपाकघराला लागून. मी म्हटलं, शहाणे लोक, येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून केलं असंल. कूलर आहे. त्यात पाणी ओतलं की वाळ्यातून गार वारा येतो, पण आवाज असा की गिरणीत झोपल्यासारखं वाटतं.

सून लता पाया पडली. तीही हसत होती. गाल भरलेत तिचे. मी येताना वाटभर मनाशी ठरवून आले होते की ही रडली तर काय बोलायचं, ही खात नसली तर कसं रागवायचं. सगळं वाया गेलं. बरं झालं.

आले ते आखाजीसाठी, शहरात अक्षय्य तृतीया म्हणतात ती. अभिमनची पुनी जाऊन वर्ष व्हायचंय. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की येणाऱ्या आखाजीला त्याच्या नावानं घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबा ठेवतात, नाव घेऊन पाणी देतात. तोवर गेलेलं माणूस तहानलेलंच असतं. पुनी नऊ वर्षांची होती. नातीची घागर आजीनं भरायची ही कुठली रीत, पण भरायची.

ही वही पण तिचीच कामगिरी. मी तिसरीतून शाळा सोडलेली. ती म्हणायची, आजी, तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, रोज एक पान लिही. लिहिते. कोंबडी अजून उकरतेच आहे.

एक सांगायचं राहिलं. रात्री जेवायला आम्ही तिघं, लतानं ताटं चार वाढली. मी विचारलं, कोण यायचंय. ती म्हणाली, कोणी नाही आत्या, हाताला सवय.

१६ एप्रिल, बुधवार

आज अभिमनचं काम समजून घेतलं. तो धुळ्याच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. पोरांनी खेळायचं आणि खेळता खेळता गणित यायचं. आमच्या वेळी मास्तर कान पिळायचे, त्याला वीज लागत नव्हती.

मी विचारलं, खेळ चांगला का वाईट ते तुला कसं कळतं? म्हणाला, पोरं बसवून बघावं लागतं. पण एका पोराला एकदा बेरीज आली की ते पोर बाद. खेळात बदल करून परत त्यालाच बसवलं, तर खेळानं शिकवलं की त्याला आधीच येत होतं, कळणार कसं? दर वेळी नवं कोरं पोर कुठून आणायचं?

म्हणून त्यानं यंत्रातच एक खोटं पोर बनवलंय. ते खेळ खेळतं. चुकतं, विसरतं, कंटाळतं, हळूहळू शिकतं. किती दिवसांत शिकलं त्यावरून खेळाची पारख. मग ते पुसून टाकायचं. एक काळी चौकोनी फ्लॉपी आहे, ती आत सरकवली की पोर पहिल्यासारखं अडाणी. पुन्हा नव्यानं शिकायला तयार.

मी म्हटलं, मास्तराला पाहिजे तसा विद्यार्थी मिळाला बाबा तुला. भांडत नाही, डबा मागत नाही, बाप तक्रार घेऊन येत नाही.

माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसतो. आज हसला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी ऊन एवढं की अंगणात कुत्रंही नाही. मधल्या खोलीत यंत्र चालू होतं, समोर कोणी नव्हतं. मी गहू निवडत दारात बसले आणि बघत राहिले.

पडद्यावर आमराई काढलेली आहे. वर आकडा येतो, खाली टोपली. माऊसच्या बाणाऐवजी एक छोटा पिवळा हात फिरतो. आकड्याएवढे आंबे टोपलीत टाकायचे. बरोबर आलं की मोर नाचतो, चुकलं की पाठ फिरवतो. कोपऱ्यातल्या झाडाखाली एक पाण्याचं मडकं आहे, उगीच शोभेला. हात आपला आपण फिरत होता. म्हणजे ते खोटं पोर खेळत होतं.

पाच आले. हातानं पाच आंबे टाकले. थांबला. मग अजून एक टाकला. मोरानं पाठ फिरवली. पुन्हा पाच आले. पाच टाकले, थांबला, वर एक.

मी सूप खाली ठेवलं.

पाचोऱ्याच्या बाजारात मी आंबे नगावर विकते. पाच मोजायचे आणि वर एक टाकायचा. तो मोजायचा नाही, तो गिऱ्हाईकाचा. त्याला आम्ही ‘वरचा’ म्हणतो. दर सुट्टीत पुनी माझ्याशेजारी गोणपाटावर बसून हेच करायची. पाच, जरा थांबायची, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघायची, मग ऐटीत वरचा. शाळेतही तेच. बाईंनी पाच खडू मागितले तर ही सहा देणार. बाई रागावल्या तर म्हणे, वरचा नाही दिला तर गिऱ्हाईक परत येत नाही, बाई.

अभिमनला धरलं. आधी म्हणाला, नमुना आहे नुसता. मी नुसतं बघत राहिले तेव्हा खाली बसला. आधीच्या खेळांना तो पुनीला मांडीवर घेऊन बसवायचा. ती काय दाबते, कुठं अडते, किती वेळ थांबते, सगळं यंत्र ठेवत गेलं. त्यातूनच त्यानं हे पोर उभं केलं.

म्हणाला, “दुसरं कोणतं पोर व्हतं वं माय मनाकडे?”

२३ एप्रिल, बुधवार

चौथं ताट कुठं जातं ते कळलं. लता ते यंत्राशेजारी ठेवते. तिथंच बसते. हात चुकला की हळू आवाजात सांगते, अगं मोज, घाई करू नको. बरोबर आलं की टाळ्या. घरात पुनीचा एक फोटो नाही, हार नाही. दप्तर खुंटीवर आणि दप्तराला नवं कव्हर घातलंय.

मी म्हटलं, लता, पोरगी गेली. ती म्हणाली, मला माहीत आहे आत्या, मी वेडी नाही. पण थांबायची ती तशीच थांबते ना.

मी पण बघितलं होतं. तशीच थांबते.

मग अभिमनजवळ घागरीचं काढलं. बापानं पाणी द्यायचं असतं. तो ताडकन उठला, म्हणाला नाही. मी त्याला बरंच ऐकवलं. तुझ्या आबानं त्याच्या मायला दिलं, मी तुझ्या आबाला दिलं, तू काय वरून पडलास? तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला की मी तिला पाणी देऊ शकत नाही.

तेव्हा मला आठवलं. म्हणजे मी कधी विसरलेच नव्हते, पण त्याच्या तोंडून आलं नव्हतं. पोटात आतडं फुटलं होतं तिच्या. ऑपरेशनच्या आधी थेंबही द्यायचा नाही असं डॉक्टरनी बजावलं होतं, आणि डॉक्टरांचं बरोबरच होतं. मी पाचोऱ्याहून येईतो सगळं आटोपलं होतं. दुपारभर पुनी बापाकडं पाणी मागत होती आणि बाप ओला कापूस तिच्या ओठाला लावत होता. भांडं त्यानं खाटेखाली लपवलं होतं. ऑपरेशनपर्यंत ती पोचलीच नाही.

आता त्याला घागर भर म्हणजे काय म्हणते मी, ते मला समजतं. तरी म्हणणार. त्याच्यासाठी नाही म्हणत, तिच्यासाठी म्हणते.

२८ एप्रिल, सोमवार

आज पहिल्यांदा बघितलं. आंबे टाकता टाकता हात झाडाखाली गेला आणि त्या मडक्यावर थांबला. टक. टक. मडकं शोभेचं, काही होत नाही. हात परत आला, दोन आंबे टाकले, परत मडक्याकडं.

मला वाटलं पोर कंटाळलं. पुनी पण कंटाळली की इकडंतिकडं बोटं लावायची. अभिमन म्हणाला खेळात काहीतरी चूक राहिली असेल. त्यानं पुसलं, फ्लॉपी घातली, पुन्हा कोरं पोर बसवलं.

कोरं पोर पाच आंबे टाकून थांबलं. वरचा टाकला नाही. मडक्याकडं गेलं.

२ मे, शुक्रवार

धुळ्याहून कंपनीचे रुपचंदभाऊ आले. माणूस गोल, शर्टाची बटणं जीव मुठीत धरून असलेली. मी कैरीचं पन्हं दिलं, तीन पेले प्याले. अभिमनच्या पोराचं त्यांनी लई कौतुक केलं. म्हणे, असं खऱ्यासारखं चुकणारं पोर कोणाला जमलं नाही, सगळ्यांची खोटी पोरं एक तर हुशार नाही तर ठोंब्या. म्हणे, खेळ शाळांत गेला की हजारो पोरं शिकतील. मनानं चांगला आहे माणूस. ते मडक्याचं तेवढं दुरुस्त करा म्हणाले.

अभिमननं त्यांच्यासमोरच चित्रातलं मडकं पुसून टाकलं. झाडाखाली नुसती माती राहिली. पुन्हा खेळ लावला.

हात सरळ तिथंच गेला. मातीवर टक. टक. टक.

रुपचंदभाऊंनी चौथा पेला घेतला नाही. जायला निघाले. मला दारात म्हणाले, “अक्का, हाई काय शे?” मी म्हटलं, “माले काय इचारतस भाऊ, शिकेल तुम्ही.”

पण मला माहीत आहे काय आहे ते. ती पाणी मागते. मी ‘ती’ लिहिलं. खोडणार होते. राहू दे.

६ मे, मंगळवार

कुंभाराकडून घागर आणली. नवी, लाल, बोटानं वाजवून घेतली. अभिमननं बघितली आणि बाहेर निघून गेला.

लता म्हणाली, आत्या, घागर भरली की ती जाईल का? मी खरं तेच सांगितलं. जाईल, त्यासाठीच भरतात.

ती यंत्राजवळ जाऊन बसली. ताटातलं तिनंही खाल्लं नाही.

हात आता आंब्यांना शिवतच नाही.

९ मे, शुक्रवार. आखाजी

झालं.

सकाळी सांजोऱ्या केल्या, आमरस केला. विस्तवावर आगारी टाकली, एकेक घास एकेकाच्या नावानं. माझ्या सासूच्या, ह्यांच्या. पुनीच्या नावाला हात अडला माझा. मेला धूर फार होता.

घागर मधल्या खोलीत ठेवली, यंत्रासमोर. अभिमन दारात उभा. पडद्यावर हात मातीवर आपटत होता, टक टक टक, थांबणं नाही. मी त्याला हाताला धरून आणलं, लहानपणी शाळेत न्यायची तसं. तांब्या दिला. म्हटलं, आता कोणी डॉक्टर नाही बाबा. आता पाज तिला.

त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला. घागरीत पाणी ओतलं. म्हणाला, “पुने. पी वं माय. पोटभर पी.” आणि मग तो असा रडला की शेजारीण खिडकीत आली. मी तिला हातानंच घालवलं.

टक टक थांबलं.

हात मातीवरून निघाला, हळूहळू आंब्यांकडं आला. वर पाच होते. पाच टाकले. थांबला. आम्ही तिघं बघतोय. वरचा टाकला नाही. मोर नाचला. सहा आले, सहा टाकले, मोर नाचला. सात आले, सात. कुठं अडलं नाही, कुठं थांबलं नाही. कोणीही पोर असावं तसं.

अभिमन म्हणाला, गेली.

लता म्हणाली, ही माझी पुनी नाही.

दोघं एकच बोलत होते.

१० मे, शनिवार

दुपारी डोळा लागला होता. टक टक ऐकून उठले.

लता यंत्रासमोर. तिनं फ्लॉपी घातली होती. कोरं पोर परत आणलं होतं. पाणी न प्यालेलं.

मी म्हटलं, अगं काय केलंस, काल तर पाजलं तिला. लता हसत होती. बघा आत्या, थांबते. पाचावर थांबते.

हो, थांबली. एकदाच. मग मातीकडं गेली.

१२ मे, सोमवार

अभिमननं पुन्हा पाणी दिलं. गेली. त्यानं फ्लॉपी कपाटात कुलपात ठेवली.

लतानं कुलूप फोडलं. परत आणली. परत तहानलेली.

मेलेल्या पोरीला पाणी पाजून वाटेला लावायचं, नि मग अर्ध्या वाटेतून ओढून पुन्हा त्याच दुपारी, त्याच खाटेवर आणून टाकायचं. मी लताला वाटेल ते बोलले. आईबापापर्यंत गेले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण मला ती नसलेली चालत नाही.

मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा.

१४ मे, बुधवार

फ्लॉपी लता आता पोलक्यात ठेवते.

अभिमननं यंत्राची वायर काढली. तिनं लावली. त्यानं काढली. एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती वायर —

आणि लताचा पेला भरलेला तसाच. सकाळचा. मी विचारलं. म्हणाली, ती पीत नाही तोवर मी कशी पिऊ?

मी म्हटलं, मग पाजू दे ना तिला! नाही. पाजलं की जाते.

१५ मे, गुरुवार

लताचे ओठ फुटलेत. ऊन असं की नळाला हात लागत नाही. चमच्यानं पाणी दिलं, थुंकली.

पडद्यावर खेळ सुरू व्हायच्या आधीच हात असतो. कोपऱ्यात, मडकं होतं तिथं. आमराई नंतर येते.

अभिमनला विचारलं, हे असं तू केलंस का. तो म्हणाला, माय, मी काही करत नाही आता.

१६ मे, शुक्रवार

लता पडली. यंत्रासमोरच. डोळे वर.

अभिमननं तिच्या पोलक्यातून फ्लॉपी काढली, माझ्या हातात दिली. तांब्या घेतला, नाव घेतलं, पाणी ओतलं — घाईघाईत, रिक्षा दारात उभी — टक टक बंद झालं. लताला उचलून नेलं.

शिरेतून पाणी चढवतायत. तोंडानं घेत नाही. दात घट्ट.

१७ मे, शनिवार

दवाखान्यात लतानं डोळे उघडले. पहिलं काय विचारलं — ती कुठं आहे?

अभिमन म्हणतो, फ्लॉपी मोड. ती एकच आहे, दुसरी कुठं नाही. लताला कळलं की परत आणायला काही उरलं नाही, तर ती पिईल. त्याच्या हातून मोडवत नाही. मला घरी पाठवलं. म्हणाला, माय, तुझं काळीज दगडाचं आहे, तूच कर.

दगडाचंच आहे. मोडते.

१७ मे, दुपार

घरात कोणी नाही. फ्लॉपी वहीवर ठेवलीय. हलकी आहे, पापडाएवढी. दोन्ही हातांनी वाकवली की झालं.

यंत्र चालूच राहिलं होतं. पडद्यावर ते पाणी प्यालेलं दुसरं पोर खेळतंय. नऊ आले, नऊ टाकले. मोर नाचतोय. शहाणं पोर. माझं कोणी नाही ते.

मोडते आता.

वाकवली. कडा जराशी पांढरी झाली. सोडली.

पुनी गेली तेव्हा मी गाडीत होते. सगळ्यांनी तिला बघितलं. पाणी मागताना का होईना — बघितलं. मी आले तेव्हा कापडाखाली होती.

मोडायचीच आहे. लतासाठी मोडायची आहे. त्यात काही फरक नाही.

ती घालते कशी ते मी रोज बघितलंय. सोपं आहे. आत सरकवायची, ते बटण.

एकदा. पाचावर थांबते तेवढं बघते. मग लगेच काढून मोडते. तांब्या भरून ठेवलाय शेजारी.

घातली.

पाच आले.

एक — दोन — तीन. ती मोजतेय बघ — चार — पाच —

थांबली.

माझ्याकडं — तशीच, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघायची तशी —

टाक की. टाक ना वं. मी बसलेय.

नाही टाकला. कोपऱ्याकडं निघाली. टक टक

तांब्या कुठं — पाजलं की जाते — पाजायचं तर आहेच — जरा, अजून जरासं, एकदाच वरचा टाक माय, मग पाजते, लगेच पाजते, थांब, एवढं एकदा —

टक टक टक

हो गं बाई, देते, देते पाणी, आधी इकडं ये, एकदा, मग दे